कापूसपट्ट्याचे संगीत आणि वऱ्हाडचा वसंत

ऋतूबरोबर श्रवण बदलते, हे आपल्या संगीतपरंपरेने फार पूर्वीच मान्य केले आहे. बसंत हा राग एरवी रात्रीचा. परंतु वसंत ऋतूत तो कोणत्याही प्रहरी गावा, अशी सवलत गायकांनी त्यास दिली. म्हणजे ऋतूचा अधिकार प्रहराच्या अधिकाराहून मोठा मानला गेला. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाने मराठी वाचकास महिन्यामहिन्याचे रंग आणि गंध पाहावयास शिकविले. कानांनी ऋतू कसा अनुभवावा, याचा विचार मात्र आपल्याकडे बहुधा रागसंगीतापुरताच झाला. रागसंगीताबाहेरचे, त्यातही परमुलखातून आलेले संगीत ऋतूशी नाते जोडू शकते काय, हा प्रश्न हलका समजून बाजूस ठेवला गेला.

तो हलका नाही. वसंताच्या दिवसांत ऐकावयाचे संगीत म्हणून जुने अमेरिकन कंट्री, रॉकाबिली आणि सर्फ या तीन प्रकारांची निवड करणारे श्रोते आज आढळतात. ही निवड केवळ लहर आहे, की तिच्या मुळाशी काही संगीतविषयक कारण आहे? आणि अमरावती-अकोल्याकडील अभ्यासकाने तिची दखल कशासाठी घ्यावी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथमदर्शनी वाटते त्याहून जवळ आहे. यांतील पहिले दोन प्रकार कापसाच्या मुलखात जन्मास आले, आणि हिंदी चित्रपटाच्या द्वारे ते भारतात रुजविणाऱ्यांत अमरावतीत जन्मलेला एक नट आणि खांडव्यात जन्मलेला एक गायक अग्रभागी होते.

प्रथम या प्रकारांचा थोडा परिचय आवश्यक आहे. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातील गोऱ्या ग्रामीण समाजाचे गीत, अशी त्याची रूढ ओळख करून दिली जाते. १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये राल्फ पीअर याने टेनेसी व व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी स्थानिक गायकांची ध्वनिमुद्रणे केली. त्यांत कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स ही दोन नावे पुढे आली. रॉकाबिली हे त्याचेच १९५४ नंतरचे धीट रूप. मेंफिस येथील सॅम फिलिप्सच्या ‘सन रेकॉर्ड्स’ या छोट्या संस्थेतून एल्विस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश यांची गाणी निघाली. उभ्या बासच्या तारा बोटांनी थापटून काढलेला ठेका आणि आवाजाला दिलेला कृत्रिम प्रतिध्वनी ही त्या गाण्यांची ओळख होय. सर्फ संगीत या दोहोंहून वेगळे. १९६१ ते १९६४ या अल्प काळात कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठी ते बहरले, आणि त्याच्या वाद्यप्रधान शाखेत शब्दांना जवळजवळ स्थानच नाही. विजेवर चालणारी गिटार आणि लाटेसारखी फुटणारी तिची घुमणारी तान, एवढाच त्याचा संसार.

आता कापसाकडे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीवर व्यापाऱ्यांची दृष्टी खिळली. अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ ही कापसाची एक जातच परदेशी बाजारात रूढ झाली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. पण १८६७ पर्यंत लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला होता आणि मुलखाचे नशीब कापसाशी बांधले गेले होते. मिसिसिपीचा काठ आणि पूर्णेचा काठ हे एका वखारीच्या दोन दारांसारखे तेव्हापासून जोडलेले आहेत. एक दार बंद झाले म्हणून दुसरे उघडले.

या मुलखांतून जे मनुष्य घडले त्यांच्यातही साम्य आहे. जिमी रॉजर्स हा मिसिसिपीमधील मेरिडियनचा, आगगाडीचे ब्रेक सांभाळणारा कामगार. पर्किन्स हा दुसऱ्याच्या जमिनीवर बटईने राबणाऱ्या कुटुंबातला; शेतात काम करणाऱ्या एका वृद्ध कृष्णवर्णीय मजुराकडून तो गिटार शिकला. कॅश आर्कान्सामधील डायेस या वसाहतीत कापूस वेचीत वाढला. कर्ज, पूर, गाडीने दूर गेलेला माणूस, शनिवारची रात्र आणि रविवारचे देऊळ, हे या गाण्यांचे विषय. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद लोहमार्गावरून जिनांतला कापूस वाहिलेला ज्यांनी पाहिला त्या पिढ्यांना यांपैकी कोणताही विषय अनोळखी वाटला नसता. फरक एवढाच की, ब्रिस्टलसारखा प्रसंग वऱ्हाडात पऱ्हाटीवरचा कापूस वेचणाऱ्या बायांच्या गाण्यांच्या वाट्यास आला नाही. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत आणि जनसंगीत या कोटी वेगळ्या मानल्या. त्या परिभाषेत सांगावयाचे तर अमेरिकन कापूसपट्ट्याचे लोकसंगीत तबकडीवर चढून जनसंगीत झाले. वऱ्हाडचे लोकसंगीत बांधावरच राहिले.

वसंताच्या बाबतीत मात्र हे दोन मुलूख एकमेकांच्या उलट आहेत, आणि ऋतुश्रवणाची चर्चा करताना हा भेद निर्णायक ठरतो. तिकडे एप्रिल-मे हा कपाशीच्या पेरणीचा काळ. वसंत म्हणजे तेथे उमेदीचा आणि कष्टाचा आरंभ. वऱ्हाडात पेरणी मृगाची. दसऱ्याच्या सुमारास वेचणी लागते, माघापर्यंत शेवटचा वेचा होतो, आणि फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा शेतात उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या गंजीखेरीज काही नसते. माल बाजारात गेलेला, सावकाराचे देणे फिटलेले किंवा न फिटलेले, आणि पुढे लग्नसराई. वऱ्हाडचा वसंत हा रिकाम्या शेताचा वसंत आहे. तोही किती दिवसांचा? वसंतपंचमीपासून रंगपंचमीपर्यंत. त्यानंतर अकोल्याचे ऊन ऋतूचे नावच बदलून टाकते. उत्तरेकडे मेळघाटात कोरकू समाजाची होळी दिवसचे दिवस चालते, ढोल-बासरीवर नाच होतो, फगवा मागितला जातो. सपाटीवर मात्र हा ऋतू आला कधी आणि गेला कधी हे कळत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. एवढ्या आखूड ऋतूस तेवढेच आखूड गाणे शोभते, असे म्हटल्यास तो केवळ विनोद होणार नाही.

तेव्हा हे संगीत वसंताचे आहे ते कोणत्या अर्थाने? विषयाच्या अर्थाने नव्हे, हे उघड आहे. हँक विल्यम्सच्या गाण्यांत (तो १९५३ च्या पहिल्याच दिवशी, तिशीही न गाठता वारला) फुलोरा शोधू जाणाऱ्यास एकाकीपणाच हाती लागतो. वरून चाल नाचरी आणि आत विरह, ही कंट्री संगीताची नेहमीची रचना आहे. उत्साहवर्धक पार्श्वसंगीत म्हणून ते लावणारा श्रोता अर्धेच गाणे ऐकत असतो. उलट संस्कृत काव्याची ओळख असलेल्या भारतीय श्रोत्यास ही रचना सहज समजावी. कारण आपला वसंत कधीच निव्वळ आनंदाचा नव्हता. आंब्याचा मोहोर आणि कोकिळेचा स्वर विरहिणीस जाळतात, हा आपल्या कवींचा आवडता संकेत. ऋतूचा उल्हास आणि मनाची पोकळी एकाच लयीत बांधणे हे वसंतगीताचे लक्षण मानले, तर रॉजर्सची गाणी त्यात बसतात आणि कित्येक तथाकथित वासंतिक भावगीते बाहेर राहतात.

रॉकाबिलीचे वसंताशी नाते याहून सरळ आहे, आणि त्याविषयी फार लिहावयास नको. ते देहाचे संगीत आहे. होळीच्या रात्री भाषेला जी मोकळीक मिळते ती येथे ठेक्याला मिळालेली असते. वऱ्हाडच्या कानास असा ठेका अगदी परका नव्हता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरी-भजन ज्यांनी ऐकले आहे त्यांना एका लहानशा चर्मवाद्यावर सबंध सभा कशी डोलविता येते हे ठाऊक होते. रॉकाबिलीच्या गायकांचा कानही चर्चमधील टाळ्यांच्या भजनावर घडलेला होता. हे साम्य याहून पुढे ताणू नये. एकाचे प्रयोजन समाजप्रबोधन, दुसऱ्याचे शनिवारची रात्र.

हे संगीत भारतात आले तेव्हा त्याचे स्वागत कसे झाले, हा भाग समीक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांस ओहोटी लागली. पाश्चात्त्य ठेक्यांनी अभिरुची बिघडते, हा त्यामागील एक प्रमुख आक्षेप होता. श्रोते सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ३ ऑक्टोबरला ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला ही चूक दुरुस्त करावी लागली. केसकरांचा हेतू क्षुद्र नव्हता. अभिजात संगीतास राज्याश्रय मिळवून देण्याची त्यांची कळकळ खरी होती. पण त्यांच्या विचारातील दोष मराठी समीक्षेतही शिरला आणि फार दिवस टिकला. गाणे कोठून आले यावरून त्याची किंमत ठरवावयाची, ते काय करते हे पाहावयाचे नाही, हा तो दोष.

या निकषाने पाहता सी. रामचंद्र यांची उडती गाणी म्हणजे उसना गोंगाट ठरतात. वस्तुस्थिती काय आहे? पुणतांब्यास १९१८ साली जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर हे विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीत शिकलेले. ‘शहनाई’ (१९४७) पासून त्यांनी पाश्चात्त्य ठेके वापरले. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाचा दिग्दर्शक आणि नायक भगवान आभाजी पालव म्हणजे भगवानदादा. त्यांचा जन्म १९१३ चा, अमरावतीचा. वडील मुंबईत कापडगिरणीत कामगार. वऱ्हाडचा कापूस ज्या वाटेने मुंबईच्या गिरणीत जाई त्याच वाटेने हे कुटुंब गेले, आणि गिरणगावच्या चाळीतून हा नट वर आला.

भगवानदादांच्या नृत्याविषयी मराठीत आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात, विश्लेषण क्वचितच होते. त्या नृत्यात पाय जवळजवळ जागचे हलत नाहीत. खांदे, मनगटे आणि मान यांवर ठेका तोलला जातो. स्थूल देह असूनही, किंवा म्हणूनच, चालीतील घाई देहात उतरत नाही. वाद्यवृंद धावतो आणि नर्तक सावकाश चालतो, या विसंगतीत त्याची सारी गंमत आहे. अमेरिकन नर्तकाचे हे अनुकरण नव्हे. प्रेस्लीचे कंबर हलविणे तोवर जगाने पाहिलेलेही नव्हते. दिवसभर उभे राहून काम केलेल्या माणसाला संध्याकाळी परवडेल असा हा नाच आहे, आणि म्हणूनच तो वरातीत व गणपतीच्या मिरवणुकीत कोणालाही करता येऊ लागला. ‘एक अलबेला’ (२०१६) या मराठी चित्रपटाने भगवानदादांचे चरित्र पुन्हा समोर आणले, पण त्या पदन्यासाची उकल अद्याप व्हावयाची आहे.

‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डिका’ या गाण्यात रामचंद्र रॉक अँड रोलच्या अगदी निकट आले. येथे स्पष्ट मत द्यावयास हवे. वेग, टाळ्या, पितळी वाद्यांची फेक आणि निरर्थक अक्षरांची आतषबाजी या दृष्टीने हे गाणे कोणत्याही अमेरिकन गाण्याशेजारी बसू शकते. परंतु पर्किन्सच्या गाण्यात ठेक्याखाली जी भुकेची, ईर्ष्येची धार असते ती यात नाही. कापसाचे शेत गाळून केवळ शनिवारची रात्र तेवढी घेतली गेली. हा तोटा मान्य करूनही, ते गाणे निव्वळ उसने आहे हा आरोप टिकत नाही. त्यातील अर्थहीन शब्दांत जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने कोकणीतील नकाराचे शब्द मिसळले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मुलांच्या इंग्रजी मोजणीपासून कोकणीपर्यंत जे शब्द सुचले ते त्यात पडले. असे मिश्रण नकलेतून निघत नाही.

ते गाणे गाणारा किशोरकुमार १९२९ च्या ४ ऑगस्टला खांडव्यास जन्मला. खांडवा आणि अकोला १९०३ पासून १९५६ पर्यंत एकाच राज्यकारभाराखाली होते, आणि पुढे मेळघाट ओलांडणाऱ्या मीटरगेज मार्गाने ती शहरे थेट जोडली गेली. तेव्हा या गायकास वऱ्हाडचा शेजारी म्हणण्यास हरकत नसावी. थोरले बंधू अनूपकुमार यांच्या संग्रहातील विदेशी तबकड्या ऐकून त्याने योडल आत्मसात केले असे सांगितले जाते, आणि त्या संदर्भात रॉजर्सचे नाव नेहमी घेतले जाते. रॉजर्सने ब्रिस्टल येथे पहिली गाणी मुद्रित केली तो दिवसही ४ ऑगस्टच होता, वर्ष १९२७. या योगायोगास अर्थ नाही, पण तो लक्षात राहतो.

योडल म्हणजे छातीच्या आवाजातून एकाएकी वरच्या कृत्रिम आवाजात उडी घेणे आणि तितक्याच तडकाफडकी परत येणे. मुळात ती आल्प्स पर्वतातील गुराख्यांची हाक. रॉजर्सने ती कृष्णवर्णीयांच्या ब्ल्यूज गीतांशी सांधली, आणि त्याच्या गळ्यात ती शब्द संपल्यानंतर उरणाऱ्या हुंदक्यासारखी झाली. १९३३ साली क्षयाने त्याचा अंत झाला. अखेरच्या मुद्रणांत हा हुंदका श्वासाच्या धापेपासून वेगळा करणे कठीण जाते. किशोरकुमारने योडल उचलले आणि त्याचा भाव पालटला. ‘झुमरू’ (१९६१) या चित्रपटाचे संगीतही त्याचेच आहे, आणि तेथे हा पालट अगदी उघड दिसतो. भटकंतीच्या, मस्तीच्या गीतांत योडल मुक्तपणे येते; पण त्याच चित्रपटातील एकाकीपणाच्या गीतासाठी त्याने ‘जीवन नैया’ (१९३६) मधील सरस्वतीदेवींची जुनी चाल घेतली, आणि तेथे योडलचा मागमूस नाही. रॉजर्सने ज्यातून दुःख गायले त्यातून किशोरने सुटका गायली, आणि दुःखासाठी तो घरच्या चालीकडे परतला. ‘अंदाज’ (१९७१) मधील प्रवासगीतापर्यंत त्याची हीच रीत दिसते. याला उणीव म्हणावे की स्वतंत्र निर्मिती? उणीव म्हणण्याकडे कल होईल. परंतु रिकाम्या शेतावरून दूरवर जाणारी हाक म्हणून ऐकले तर किशोरचे योडलच वऱ्हाडच्या फाल्गुनास अधिक जवळचे वाटते. तिकडील पेरणीच्या वसंताचा भार त्यात नाही.

सर्फ संगीताविषयी आपल्याकडे जवळजवळ काहीच लिहिले गेले नाही, आणि रागाची जाण असलेल्या अभ्यासकास सांगण्याजोगे खरे तर तेथेच आहे. डिक डेल याच्या गिटारीवर १९६२ मध्ये गाजलेली ‘मिसिर्लू’ ही धून कॅलिफोर्नियाची नव्हे. ती पूर्व भूमध्य प्रदेशातील जुनी चाल. ग्रीक गायकांनी ती १९२० च्या दशकातच अमेरिकेत मुद्रित केली होती, आणि डेलचे वडील लेबनानी वंशाचे होते. तिचे स्वर पाहावेत : ऋषभ व धैवत कोमल, गांधार व निषाद शुद्ध, मध्यम शुद्ध. हा आपला भैरव थाट झाला. यांतील एकटा मध्यम तीव्र केला की पूर्वी थाट मिळतो, आणि बसंत राग पूर्वी थाटातलाच, शिवाय दोन्ही मध्यमांना जागा देणारा. समुद्रकाठच्या तरुणांनी उन्हाळी मौजेसाठी वाजविलेली चाल बसंतपासून एका मध्यमाच्या अंतरावर उभी आहे. थाट जुळला म्हणून राग जुळत नाही, हे विसरून चालणार नाही. डेलच्या धुनीत बसंतचे चलन नाही, तार षड्जाकडील त्याची ओढ नाही, मींड तर नाहीच. आहे ती एका तारेवरून वेगाने घसरणारी, झाल्याची आठवण देणारी आघातमाला. परंतु कोमल ऋषभावरून शुद्ध गांधारावर घेतलेली ती रुंद झेप भारतीय कानास ओळखीची वाटते, आणि हे संगीत वसंतात ऐकावेसे वाटण्याचे निदान एक कारण मनोलहरीबाहेरचे आहे. कंट्री व रॉकाबिली यांच्या स्वरांत असे काही सापडत नाही. त्यांचा वसंत लयीत आहे.

आपल्या चित्रपटांत या झणत्कारी गिटारीचा सर्वांत धीट वापर राजा नवाथे दिग्दर्शित ‘गुमनाम’ (१९६५) मधील ‘जान पहचान हो’ या नृत्यगीतात, शंकर-जयकिशन यांनी केला. गायक महंमद रफी, नर्तिका लक्ष्मी छाया. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या आरंभी हेच नृत्य दाखविले गेले, आणि अमेरिकेतील तरुण श्रोत्यांस आपल्याच संगीताचे हे रूप नवलाचे वाटले.

असे असताना मूळ कोणते आणि उसने कोणते, हा प्रश्न शुद्धतेच्या दृष्टीने निरर्थक ठरतो. गोऱ्या ग्रामीण समाजाचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कंट्री संगीतातील बँजो आफ्रिकेचा, पोलादी कांब फिरवून वाजविण्याची गिटार हवाई बेटांची, योडल आल्प्सचे. विल्यम्सला गाणे शिकविणारा रूफस पेन हा रस्त्यावर वाजविणारा कृष्णवर्णीय कलावंत होता. मात्र दुसऱ्या एका दृष्टीने तो प्रश्न उरतोच, आणि तो ऋणाचा आहे. प्रेस्लीचे १९५४ मधील पहिले गाजलेले गाणे आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते. क्रुडपला त्याचा योग्य मोबदला हयातीत मिळाला नाही. आपल्याकडे हेच गोमंतकीय वादकांच्या बाबतीत घडले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हा रामचंद्रांचा साहाय्यक होता. ‘अलबेला’मध्ये तो आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो, म्हणून त्याचे नाव निदान उरले. सेबास्तियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांची नावे जाणकारांपुरती राहिली. ‘गुमनाम’मध्ये पडद्यावर दिसलेल्या टेड लायन्स यांच्या वृंदाचे नाव जगभर झाले, पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून अशी शेकडो गाणी वाजविणाऱ्यांची नावे तबकडीच्या लेबलावर छापण्याची रीतच नव्हती. केसकरांच्या काळी ज्या ठेक्यांना परके म्हटले गेले ते वाजविणारे हात म्हापसा-मडगावच्या आसपासच्या खेड्यांतले होते. चर्चच्या संगीतशाळेत ते स्वरलेखन शिकले, घरी कोकणी बोलत, आणि गिरणीच्या कामगारासारखेच पाळीवर कामास जात.